साहेबांचा पगार कोण ठरवतो?

पिंपरीच्या बाजारात महिन्याच्या सात-आठ तारखेनंतर गिऱ्हाईक वाढते. त्या दिवसांत कारखान्यांचे पगार झालेले असतात. निगडीपासून भोसरीपर्यंत आणि पुढे चाकणपर्यंत जे काही कापड, भांडे, चप्पल, किराणा विकला जातो, तो शेवटी कुणाच्या तरी पगारातून विकला जातो. त्यामुळे पगार कसे ठरतात हा विषय केवळ कामगारांचा नाही. तो आम्हा व्यापाऱ्यांचा आहे आणि लेथवर, वेल्डिंगवर, शिलाई मशिनवर पोट असणाऱ्या कारीगराचाही आहे.

कायम कामगाराचा पगार युनियन आणि कंपनी यांच्या करारात ठरतो. ठेक्यावरच्या पोराचा पगार किमान वेतन आणि ठेकेदाराची मर्जी यांच्यामध्ये कुठेतरी अडकलेला असतो. जॉबवर्क करणाऱ्याला नगामागे किंवा किलोमागे दर मिळतो. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच कंपनीच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर बसलेल्या संचालकाचा मेहनताना, जो कधी वर्षाला काही कोटींत जातो, तो कोण ठरवतो? आपल्यात दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, ‘मालक आहे, मनाला येईल तेवढे घेतो.’ दुसरा म्हणतो, ‘हुशार माणूस आहे, हुशारीचे पैसे मिळतात.’ दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. संचालकाच्या पगाराला कायद्याचे माप आहे, बाजाराचा भाव आहे, नफ्याचा हिस्सा आहे. या तिन्हींपेक्षा वजनदार गोष्ट म्हणजे, ठरवण्याच्या वेळी टेबलाभोवती कोण बसले आहे.

कायद्याचे माप

आधी कायदा पाहू. आज लागू असलेल्या २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे पब्लिक लिमिटेड कंपनीने एका वर्षात सर्व संचालकांना मिळून निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत मेहनताना द्यावा, असे ठरले आहे. पूर्णवेळ काम पाहणारा व्यवस्थापकीय संचालक एकच असेल तर त्याला ५ टक्के, एकाहून अधिक पूर्णवेळ संचालक असतील तर सर्वांना मिळून १० टक्के. जे संचालक फक्त बैठकीला येतात, रोजचे काम पाहत नाहीत, त्यांना सर्वांना मिळून साधारण १ टक्का. बैठकीचा भत्ता वेगळा. तो एका बैठकीला १ लाख रुपयांपेक्षा जास्त देता येत नाही.

म्हणजे कायद्याच्या हिशेबाने कंपनीचा निव्वळ नफा १०० कोटी झाला, तर सर्व संचालकांच्या वाट्याला ११ कोटींपर्यंत रक्कम येऊ शकते आणि एकट्या व्यवस्थापकीय संचालकाला ५ कोटींपर्यंत. यापेक्षा जास्त द्यायचे असेल तर भागधारकांच्या सभेत खास ठराव करावा लागतो. खास ठरावाला पडलेल्या मतांपैकी किमान तीन-चतुर्थांश मते बाजूने लागतात.

नफा झालाच नाही किंवा अगदी थोडा झाला तर? तेव्हा टक्केवारी उपयोगाची नसते. त्यासाठी कायद्याला जोडलेल्या पाचव्या परिशिष्टात एक तक्ता दिला आहे. कंपनीचे भांडवल ५ कोटींच्या आत असेल तर वर्षाला ६० लाख, ५ ते १०० कोटी असेल तर ८४ लाख, १०० ते २५० कोटी असेल तर १ कोटी २० लाख, आणि त्यापुढे भांडवलाप्रमाणे थोडी वाढ. याहून जास्त द्यायचे तर पुन्हा खास ठराव. सप्टेंबर २०१८ पर्यंत अशा वेळी दिल्लीला केंद्र सरकारकडे अर्ज करावा लागे. ती अट काढून टाकली आणि निर्णयाचा भार भागधारकांवर आला.

जुन्या लोकांना आठवत असेल, १९५६ च्या कंपनी कायद्याखाली साहेबांच्या नेमणुकीला आणि पगाराला सरकारची मंजुरी लागायची. १९८८ च्या दुरुस्तीने ठरवून दिलेल्या मर्यादेत असलेल्या नेमणुकांना ती मंजुरी माफ झाली. ११ टक्क्यांची मर्यादा मात्र जुन्या कायद्यातूनच चालत आली आहे. थोडक्यात, गेल्या पन्नास वर्षांत पगाराची लगाम सरकारच्या हातातून हळूहळू भागधारकांच्या हातात आली.

एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. ही टक्केवारीची बंधने पब्लिक कंपनीला आहेत. भोसरी, तळवडे, चाकणच्या गाळ्यांतून चालणाऱ्या शेकडो प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना ती लागू नाहीत. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तीन प्रकारच्या खुर्च्या

आपल्या या पट्ट्यात तीन तऱ्हेचे संचालक दिसतात. तिघांचे पगार तीन रीतींनी ठरतात.

पहिला सरकारी कंपनीचा. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली सुरू झाली. अशा केंद्र सरकारच्या कंपन्यांच्या ए, बी, सी, डी अशा श्रेणी पाडलेल्या असतात आणि श्रेणीप्रमाणे वरच्या साहेबाची वेतनश्रेणी दिल्लीत ठरते. तिथे घासाघीस नाही. पण पगार ठरलेला असला म्हणून कंपनी चांगली चालते असेही नाही. याच कंपनीत गेल्या दशकात कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले होते, हे पिंपरीच्या दुकानदारांनी उधारीच्या वहीत पाहिले आहे.

दुसरा नोकर-संचालक. तो कंपनीचा मालक नसतो. त्याला बाहेरून आणलेला असतो किंवा आतून वर चढवलेला असतो. त्याचा पगार बाजारभावाने ठरतो. दुसऱ्या कंपनीत त्याला काय मिळाले असते, हा पहिला सवाल.

तिसरा मालक-संचालक. म्हणजे ज्या घराण्याने कंपनी उभी केली त्या घराण्याचा माणूस. त्याला दोन वाटांनी पैसे मिळतात. एक पगार आणि कमिशन, दुसरा शेअरवरचा लाभांश. लाभांश सर्व भागधारकांना सारखा मिळतो. पगार मात्र त्याला एकट्याला. म्हणून मालक-संचालकाच्या पगाराकडे लहान भागधारकाने जास्त बारकाईने पाहावे लागते.

सेबीने यासाठी १ एप्रिल २०१९ पासून वेगळा नियम केला. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत प्रवर्तक घराण्याच्या एका पूर्णवेळ संचालकाचा वार्षिक मेहनताना ५ कोटी किंवा निव्वळ नफ्याच्या अडीच टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यावर गेला, तर खास ठराव हवा. असे एकाहून अधिक संचालक असतील तर सर्वांना मिळून ५ टक्क्यांवर गेल्यास ठराव हवा.

आता यात मेख कुठे आहे ते पाहा. संचालक मंडळाच्या बैठकीत ज्याच्या पगाराचा विषय आहे त्याने मत देऊ नये, असा नियम आहे. पण भागधारकांच्या सभेत तो आणि त्याचे घराणे आपल्या शेअरच्या जोरावर मत देऊ शकतात. आकुर्डी आणि चाकणच्या बजाज ऑटोसारख्या कंपनीत प्रवर्तकांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. अशा ठिकाणी बाहेरच्या भागधारकांपैकी मोठा भाग विरोधात गेला तरच खास ठराव पडू शकतो. जिथे प्रवर्तकांचा वाटा कमी, तिथे बाहेरच्यांच्या मताला किंमत जास्त. याचा दाखला आपल्या पिंपरीतच मिळाला.

टाटा मोटर्समध्ये २०१४ साली काय झाले

टेल्कोचा पिंपरीचा कारखाना १९६६ सालचा. २००३ मध्ये टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले आणि २००८ मध्ये कंपनीने इंग्लंडची जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. २०१३-१४ या वर्षात कंपनीच्या एकत्रित ताळेबंदात सुमारे १४ हजार कोटींचा नफा दिसत होता. पण त्यातला बहुतेक नफा इंग्लंडच्या गाड्यांचा होता. हिंदुस्थानातला ट्रक आणि मोटारींचा धंदा मंदीत होता. एकट्या मूळ कंपनीच्या ताळेबंदात नफा साडेतीनशे कोटींच्या आत होता. संचालकांच्या पगाराचे माप काढताना कायदा हाच मूळ कंपनीचा हिशेब पाहतो, आणि तोही स्वतःच्या पद्धतीने, काही मिळकती वजा करून. त्या मापाने नफा अपुरा ठरला. म्हणून संचालकांना किमान ठरलेला मेहनताना देण्यासाठी भागधारकांकडे जावे लागले.

ठराव तिघांविषयी होते. व्यवस्थापकीय संचालक कार्ल स्लिम, ज्यांचे जानेवारी २०१४ मध्ये निधन झाले होते, आणि रवींद्र पिशारोडी व सतीश बोरवणकर हे दोन कार्यकारी संचालक. जुलै २०१४ मध्ये टपाली मतदानाचा निकाल आला आणि तिन्ही ठराव पडले. बाजूने बहुमत होते, पण तीन-चतुर्थांश मते नव्हती. टाटा समूहाचा वाटा त्या वेळी साधारण एक-तृतीयांश होता. परदेशी गुंतवणूक संस्था, म्युच्युअल फंड आणि इतर बाहेरच्यांनी विरोधात मते दिली आणि टाटांसारख्या घराण्याच्या कंपनीत साहेबांच्या पगाराचा ठराव फसला.

कंपनीची बाजूही ऐकून घ्यावी लागेल. माणूस नेमताना जो करार झाला तो मंदीत मोडायचा का? मंदीतच तर चांगल्या माणसाची जास्त गरज असते. विरोधकांचे म्हणणे असे की धंदा घसरला तर वरच्या माणसानेही झळ सोसावी. कंपनीने पुन्हा खुलासा करून ठराव मांडले आणि जानेवारी २०१५ मध्ये ते मंजूर झाले. म्हणजे पैसे अखेर मिळाले. पण सहा महिने कंपनीला दारोदार जाऊन समजावून सांगावे लागले की हे पैसे का द्यायचे. पगार देण्याआधी खुलासा करावा लागणे, हीच मोठी गोष्ट आहे.

मालक-संचालकाच्या बाबतीतही असे घडू शकते. रॉयल एनफिल्ड मोटारसायकलवाल्या आयशर मोटर्समध्ये ऑगस्ट २०२१ ला प्रवर्तक सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा ठराव पगाराच्या मुद्द्यावर पडला. कंपनीने त्यांच्या मेहनतान्याची कमाल मर्यादा नफ्याच्या ३ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणली, तेव्हा नवा ठराव मंजूर झाला. मतदारांनी विचारले म्हणून मर्यादा निम्मी झाली.

बाजारभाव म्हणजे शेजारच्या दुकानाचा भाव

नोकर-संचालकाचा पगार बाजारभावाने ठरतो असे वर म्हटले. हा बाजारभाव कसा निघतो? नोंद असलेल्या कंपनीत संचालकांची एक नेमणूक व मेहनताना समिती असते. तिच्यात किमान तीन संचालक, सर्व रोजच्या कामाबाहेरचे. ही समिती बहुधा सल्लागार नेमते. सल्लागार त्याच आकाराच्या, त्याच धंद्याच्या दहा-पंधरा कंपन्यांचे आकडे मांडतो. मग समिती म्हणते, आपला माणूस मधल्या आकड्याच्या थोडा वर असावा. आपला माणूस सरासरीहून कमी आहे, असे कोणती समिती म्हणेल?

इथेच खोच आहे. प्रत्येक कंपनी मधल्या आकड्याच्या थोडे वर गेली की पुढच्या वर्षी मधला आकडाच वर सरकतो. कापडाच्या बाजारात प्रत्येक दुकानदार शेजाऱ्याचा भाव पाहून दोन रुपये वर लावू लागला तर गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीत जाते आणि भाव खाली येतो. साहेबांच्या बाजारात असा गिऱ्हाईक नसतो, कारण पैसे देणारा भागधारक विखुरलेला आहे आणि ठरवणारे स्वतः दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीत संचालक आहेत.

दुसरी गोष्ट कंपनीच्या आकाराची. अभ्यासकांना पुन्हा पुन्हा असे दिसले आहे की संचालकाचा पगार नफ्याच्या टक्क्यापेक्षा कंपनीच्या आकारमानाशी जास्त बांधलेला असतो. उलाढाल दुप्पट झाली की पगार वाढतो, मग त्या वाढीतून भागधारकाला फायदा होवो न होवो. म्हणून काही साहेबांना नव्या कंपन्या विकत घेण्याची घाई असते.

तिसरी गोष्ट शेअरची. पगार आणि कमिशन यांच्याखेरीज नोकर-संचालकाला ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क देता येतो. कंपनीचा भाव वाढला तर फरक त्याचा. हा हक्क प्रवर्तकांना आणि स्वतंत्र संचालकांना देता येत नाही. कल्पना अशी की नोकराने मालकासारखा विचार करावा.

मग हाच विचार कामगाराने केला तर? २५ जून २०१३ रोजी बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात संप सुरू झाला. विश्व कल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर १ रुपया भावाने द्यावेत. बाजारात शेअरचा भाव तेव्हा हजार रुपयांच्या पुष्कळ वर होता. कंपनीने ही मागणी साफ नाकारली. सुमारे ५० दिवसांनी, ऑगस्टच्या मध्याला संप मागे घेतला गेला. शेअर मिळाले नाहीत. मागणी अव्वाच्या सव्वा होती असे अनेकांना वाटले. पण तिच्या मागचा प्रश्न साधा होता. नफा वाढवण्यासाठी वरच्याला हिस्सा दिलेला चालतो, तर खालच्याला का नको? त्याचे उत्तर असे की वरच्याच्या हिश्शाचा निर्णय जिथे होतो त्या टेबलाभोवती खालच्याला खुर्ची नाही.

ती खुर्ची दिली तर काय होते, याचा नमुना चाकणमध्येच कारखाना असलेल्या एका कंपनीच्या मायदेशात आहे. फोक्सवॅगनने चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू केला. जर्मनीत १९७६ च्या कायद्याप्रमाणे २ हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींच्या असतात. साहेबांचा पगार हे मंडळ ठरवते. तरीही मार्टिन विंटरकॉर्न यांना २०११ सालाबद्दल सुमारे १ कोटी ७५ लाख युरो मिळाले, म्हणजे नुसत्या खुर्चीने सगळे सुधारते असे नाही. पण सप्टेंबर २०१५ मध्ये धुराच्या चाचणीतला घोटाळा उघड झाला, विंटरकॉर्न यांना जावे लागले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये याच मंडळाने प्रमुखाच्या मेहनतान्याला वर्षाला १ कोटी युरोची कमाल मर्यादा घातली.

एक आकडा जरूर वाचा

आपल्याकडे कामगाराला खुर्ची नाही, पण आकडा पाहण्याचा हक्क सर्वांना आहे. २०१४ च्या नियमांप्रमाणे नोंद असलेल्या प्रत्येक कंपनीला वार्षिक अहवालात सांगावे लागते की प्रत्येक संचालकाचा मेहनताना कंपनीतल्या मध्यक कर्मचाऱ्याच्या किती पट आहे आणि त्या वर्षी दोघांचे किती टक्के वाढले.

मध्यक म्हणजे सरासरी नव्हे. पाच माणसांचे पगार १२, १५, १८, ३० आणि ६० हजार असतील तर सरासरी २७ हजार येते. पण रांगेत उभे केल्यावर मधोमध येणारा माणूस १८ हजारवाला. तो मध्यक. साहेबाला महिना १८ लाख मिळत असतील तर तो १०० पट झाला.

हा आकडा वाचताना एक खबरदारी घ्यावी. हिशेबात कंपनीच्या पटावरचे कर्मचारी धरले जातात. ठेकेदाराचे कामगार पटावर नसतात, म्हणून ते यात येत नाहीत. आपल्या पट्ट्यात ठेक्यावरची पोरे किती आहेत हे वेगळे सांगायला नको. त्यांना धरले तर मध्यक खाली जाईल आणि पट वाढेल. आकड्यापेक्षा तो दरवर्षी कुठे चालला आहे, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

आपल्या कारखान्यापर्यंत झळ कशी येते

वाचक म्हणतील, त्यांचे कोटी त्यांच्याकडे, आमचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. साहेबाचे कमिशन कोणत्या गोष्टीवर बांधले आहे, त्यावर खाली दर ठरतात. वर्षाचा खर्च अमुक टक्के कमी केला तर बक्षीस, असे वर ठरले की खरेदी विभागाला तोच हुकूम जातो. खरेदी विभाग मोठ्या व्हेंडरला दर कमी करायला सांगतो. मोठा व्हेंडर लहान व्हेंडरला सांगतो. शेवटी भोसरीच्या गाळ्यात बसलेल्या कारीगराला नगामागे चार आणे कमी मिळतात. मार्च महिन्यात रोख रक्कम जास्त दिसली पाहिजे असे ठरले की आपली बिले एप्रिलवर ढकलली जातात. गणवेशाचे कापड पुरवताना माझी स्वतःची बिले एका कंपनीत मार्च आला की अडकत. तिथल्या लेखनिकाचा यात काही दोष नव्हता. त्याला वरून तसेच सांगितलेले असे.

यावर इलाज कायद्यात आहे, पण आपले लोक तो वापरत नाहीत. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल लेखी करारात ठरलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागते. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती फुकट होते. व्याज नको असेल त्याने ते घेऊ नये, पण मुदतीचा हक्क सोडू नये.

आपल्या घरच्या कंपनीचे काय?

आता आपल्याकडे वळू. मोठ्या कंपन्यांच्या साहेबांवर बोट ठेवणे सोपे. पण आपल्या भागीदारीत, आपल्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये काय चालते? तीन भाऊ धंदा करतात. एक दिवसभर कारखान्यात उभा असतो, दुसरा वसुलीला फिरतो, तिसरा फक्त भांडवल टाकून मोकळा. वर्षअखेर घरखर्चाला ज्याने जितके उचलले तितके त्याचे. कोणाचा पगार किती, नफ्याचा हिस्सा किती, याची लिखापढी नाही. वडील हयात आहेत तोवर चालते. त्यानंतर जे होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

आपल्या तिजारतीत मुजारबतची रीत जुनी आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफ्यातला हिस्सा आधीच ठरवायचा, आणि तो ठरलेल्या रकमेत नव्हे तर प्रमाणात. नुकसान झाले तर भांडवलवाल्याचे पैसे जातात आणि मेहनतवाल्याची मेहनत वाया जाते. टाटा मोटर्सच्या भागधारकांनी २०१४ मध्ये जो वाद घातला तो याच जागी होता. काम करणारा हा नफ्यातला हिस्सेदार आहे की ठरलेल्या पगाराचा नोकर? दोन्ही रीती रास्त आहेत. नफ्याच्या वर्षी हिस्सेदार आणि तोट्याच्या वर्षी पगारदार, अशी मिसळ मात्र भांडण लावते.

भागीदारी पेढीत काम करणाऱ्या भागीदाराला पगार देता येतो आणि तो पेढीच्या खर्चात धरता येतो. त्यासाठी तो भागीदारीपत्रात लिहिलेला हवा. २०२४ च्या अर्थसंकल्पाने त्याची मर्यादा वाढवली. पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख रुपये, यांपैकी जास्त असेल ते, आणि त्यावरच्या नफ्यावर ६० टक्के. म्हणजे १० लाख नफा असेल तर ५ लाख ४० हजार अधिक २ लाख ४० हजार, मिळून ७ लाख ८० हजारांपर्यंत पगार सर्व कामकरी भागीदारांत वाटता येतो.

प्रायव्हेट लिमिटेडमध्ये ११ टक्क्यांचे बंधन नाही हे वर आले. पण प्राप्तिकर अधिकारी विचारू शकतो की घरातल्या माणसाला दिलेला पगार त्याच्या कामाच्या मानाने अवाजवी आहे का. अवाजवी ठरला तर तेवढा खर्च नामंजूर होतो. तेव्हा ज्या बहिणीच्या किंवा सुनेच्या नावावर पगार दाखवता तिने खरोखर काम करावे आणि तिला पैसे खरोखर मिळावेत. यात इन्साफही आहे आणि बचावही.

मोठ्या कंपन्यांकडून आपण तीन गोष्टी उचलाव्यात. पगार वर्ष सुरू होण्याआधी ठरवावा, वर्ष संपल्यावर गल्ला पाहून नव्हे. ज्याचा पगार ठरतो त्याने त्या वेळी उठून बाहेर जावे आणि बाकीच्यांनी, शक्य तर बाहेरच्या एका जाणत्या माणसाला सोबत घेऊन, आकडा ठरवावा. आणि ठरलेला आकडा कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. देण्याघेण्याचे लिहून ठेवावे ही ताकीद आपल्याला नवी नाही.

ज्यांच्याकडे एखाद्या कंपनीचे दहा-वीस शेअर पडून आहेत त्यांनी एवढे करावे. वार्षिक सभेची नोटीस मोबाइलवर येते तेव्हा ती पुसून टाकू नये. तिच्यात संचालकाच्या मेहनतान्याचा ठराव आहे का ते पाहावे, अहवालातला पटीचा आकडा काढावा, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावा आणि घरबसल्या मत द्यावे. मताला पैसे पडत नाहीत, आणि मत देण्याची मुदत सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता संपते.